स्थळप्रत आणि पोच

भालकीच्या आमच्या काकांइतका पत्रलेखनाचा षोक आमच्या घराण्यात दुसऱ्या कोणाला नाही. ३६ वर्षे त्यांनी मराठी शाळेत शिक्षकी केली आणि तेवढ्या काळातील प्रत्येक अर्जाची व बहुतेक खासगी पत्रांची स्थळप्रत अद्याप जपून ठेवली आहे. माळवदावरील लोखंडी पेटीत सुतळीने बांधलेले गठ्ठे आहेत, प्रत्येकावर साल घातलेले. पत्र पाठवावयाचे म्हणजे आधी कार्बन ठेवून नक्कल काढावयाची, मग जावक वहीत क्रमांक घालावयाचा आणि मजकूर महत्त्वाचा असला तर पत्र रजिस्टर करून पोच मागवावयाची, ही त्यांची शिस्त. सही झालेली पोच परत आली आणि ती नकलेला टाचणीने लागली, म्हणजे मगच त्यांच्या लेखी ते पत्र ‘गेले’.

असे हे काका तीन वर्षांपूर्वी सहा महिने आमच्याशी बोलत नव्हते. निमित्त झाले होते एका ई-मेलचे.

थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. आमचे घराणे मूळचे भालकीचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित होऊन जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले, ते या भागातील वाचकांना सांगावयास नकोच. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. जहीराबाद व नारायणखेड आंध्रात. भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, औराद आणि खुद्द बीदर म्हैसूरकडे राहिले. त्या रेषेने आमच्या घरातील भावाभावांच्याही मध्ये राज्याची सीमा आली. पुढे नोकऱ्यांनी आणि लग्नांनी मंडळी आणखी पांगली. आज सुमारे साठ घरे आहेत. बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील जुनी, उदगीर-लातूर-सोलापूरकडील, हैदराबाद आणि पुण्यातील, शिवाय चार-दोन समुद्रापलीकडील. या सर्वांना एकत्र ठेवण्यासाठी आम्ही एक ई-मेलची वितरण-यादी चालवितो. सर्वजण तिला ‘लिस्ट’ म्हणतात. एका पत्त्यावर पत्र टाकले की साठही घरी पोहोचते.

कोणी म्हणेल, आता व्हॉट्सॲप असताना हा खटाटोप कशाला? आमचा अनुभव असा की व्हॉट्सॲपवर सुप्रभाताच्या फुलांखाली कामाचा मजकूर दुपारपर्यंत गाडला जातो. वंशावळ, जमिनीच्या पहाणीच्या नकला, लांबलचक आठवणी यांना ई-मेलच बरी. ती शोधता येते, जपता येते, आणि काकांसारख्यांना ती पत्रासारखी वाटते.

तर काकांनी वयाच्या ८३व्या वर्षी नातवाकडून मराठी टंकलेखन शिकून घेतले आणि १९४८ सालच्या आठवणी लिहून काढल्या. त्या वेळी ते आठ वर्षांचे होते. रझाकारांच्या धास्तीने घरातील बायकामुले रात्रीच्या बैलगाड्यांनी सोलापूरच्या हद्दीत कशी नेली, कोणाकडे आश्रय मिळाला, सप्टेंबरात परत आल्यावर वाड्यात काय उरले होते, हे सारे त्यांनी मोजक्या भाषेत लिहिले होते. पत्र लिस्टकडे रवाना केले आणि ते आपल्या पेटीत येण्याची वाट पाहत बसले. इतरांची पत्रे येत होती. त्यांचे काही येईना. आठ दिवसांनी त्यांनी तेच पत्र पुन्हा पाठविले. पुन्हा तेच. मग त्यांच्या मनाने एक निष्कर्ष काढला, आणि तो त्यांच्या बाजूने पाहता अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. लिस्टची व्यवस्था प्रस्तुत लेखकाकडे, आणि वाड्याच्या वाटणीवरून आमच्या वडिलांचे व काकांचे जुने बिनसलेले. तेव्हा पुतण्याने पत्र दाबले!

दिवाळीला आम्ही नमस्कारास गेलो तेव्हा ते आत निघून गेले. शेवटी काकूंनी आम्हाला बाजूस घेऊन विचारले, “त्यांचं लिहिलेलं तू का अडवलंस रे?”

वस्तुतः ते पत्र साठही घरी पोहोचले होते, तेही दोनदा. आम्ही स्वतः ते रात्री दोन वाजेपर्यंत वाचले होते. मग काकांना ते का दिसले नाही? हे नीट समजून घेण्यास आम्हाला बरेच दिवस लागले; जे समजले ते येथे सांगतो, कारण हा घोटाळा एकट्या भालकीत होत असेल असे वाटत नाही.

प्रत्येक ई-मेलला एक अदृश्य क्रमांक असतो. त्याला ‘मेसेज-आयडी’ म्हणतात. पत्र रवाना होताना पाठविणाऱ्याच्या बाजूने अक्षरे व आकडे यांची एक लांब, अन्यत्र कोठेही न आढळणारी माळ त्यावर चढविली जाते. जावक वहीतील क्रमांकच तो, परंतु साऱ्या जगात एकमेव. १९८२ साली ई-पत्राच्या रचनेचे जे नियम ठरले त्यांतही हा क्रमांक होता. आपण पत्र पाठविले की त्याची स्थळप्रत आपल्या ‘सेंट’ कप्प्यात राहते आणि तिच्यावर हा क्रमांक असतो. पत्र लिस्टच्या संगणकाकडे जाते. तो संगणक पाकीट बदलतो, विषयाच्या आधी चौकटी कंसात लिस्टचे नाव घालतो, तळाशी दोन ओळींची सूचना जोडतो आणि सर्व सभासदांना प्रती पाठवितो. सभासदांत आपणही असतोच, त्यामुळे एक प्रत आपल्याकडेही निघते. मात्र मूळ क्रमांक लिस्ट सहसा बदलीत नाही, कारण पत्र तेच आहे. आणि पुढे येणारी उत्तरे कोणत्या पत्राची हे त्याच क्रमांकावरून जुळविले जाते.

आता ही प्रत आपल्या पेटीच्या दाराशी येते. पूर्वीची बरीचशी ई-मेल व्यवस्था ती मुकाट्याने आत घेई. ‘सेंट’मध्ये एक आणि ‘इनबॉक्स’मध्ये एक, अशा दोन प्रती मग होत. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल सुरू केले तेव्हा निराळा विचार केला. तेथे पत्रे सुटी न ठेवता एका संभाषणाचा एक गठ्ठा बांधतात. गठ्ठ्यात एकच पत्र दोनदा कशाला, म्हणून दाराशी आलेल्या पत्राचा क्रमांक पाहावयाचा, तो आधीच आपल्याकडे असेल तर ही दुसरी प्रत समजून तिला इनबॉक्समध्ये स्थान द्यावयाचे नाही. गूगलने ही गोष्ट लपवूनही ठेवलेली नाही. इनबॉक्समध्ये अकारण गर्दी होऊ नये हा त्यामागील हेतू. मात्र त्या लिस्टवर कोणी उत्तर लिहिले की सारा गठ्ठा इनबॉक्समध्ये वर येतो आणि त्यात आपले मूळ पत्रही दिसते. म्हणजे उत्तर आले तर आपले पत्र दिसावयाचे. न आले तर ते जणू लिहिलेच नव्हते!

काकांचा सारा मनस्ताप या एका अटीत होता. त्यांच्या पत्राला कोणीही उत्तर लिहिले नव्हते. साठ घरांनी वाचले, कित्येकांचे डोळे पाणावले; हैदराबादच्या आत्येने तर छापून काढून देवघरात ठेवले. परंतु ‘काका, पत्र पोहोचले’ एवढ्या तीन शब्दांची पोच एकानेही दिली नाही. आम्हीही नाही. प्रत्यक्ष भेटू तेव्हा बोलू, असे आम्ही मनाशी म्हटले होते. यंत्राने एक प्रत झाकून ठेवली हे खरे. उत्तराची प्रत मात्र आम्हीच झाकून ठेवली होती.

काकांना हे सर्व समजावून सांगितले. त्यांच्या पेटीतील ‘सेंट’ कप्पा उघडून दाखविला. ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “ही तर स्थळप्रत झाली. स्थळप्रत म्हणजे पोच नव्हे.”

हे वाक्य आम्ही तेव्हा शिक्षकी हट्ट म्हणून सोडून दिले. ते किती अचूक होते हे पुढे चार महिन्यांनी कळले.

हैदराबाद संस्थानचे टपालखाते वेगळे असे आणि तिकिटेही वेगळी. संस्थानाबाहेर पत्र धाडावयाचे तर ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट लागे. १९५० साली ते खाते भारताच्या टपालखात्यात विलीन झाले. काकांचे आजोबा कचेरीत होते. ते म्हणत, आपल्या दप्तरातील नक्कल आपण काय लिहिले एवढेच सांगते; समोरच्याच्या हाती काय पडले ते सांगत नाही. ई-मेलच्या बाबतीत हा फरक कल्पनेपेक्षा मोठा आहे. लिस्टमधून जाताना पत्रात बदल होऊ शकतात. काही लिस्ट जोडपत्रे काढून टाकतात, काही सजविलेला मजकूर साधा करतात. देवनागरी लिहिणाऱ्यांना तर आणखी एक धोका असे. लिस्ट चालविणारी ‘मेलमन’ नावाची मुक्त प्रणाली अनेक विद्यापीठांत व संस्थांत वापरली गेली. तिच्या जुन्या आवृत्तीत लिस्टची भाषा इंग्रजी ठेवलेली असली, तर दिवसभराची पत्रे एकत्र बांधून धाडलेल्या साध्या अंकात देवनागरी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटत. लिहिणाऱ्याच्या ‘सेंट’ कप्प्यात मात्र प्रत्येक वेलांटी जागच्या जागी! लिस्टवरून फिरून आलेली आपली प्रत हाच त्याला आरसा होता. तो आरसाच भिंतीवरून काढून ठेवला, तर कपाळावरील डाग दुसऱ्यांनाच दिसावयाचा.

आता चार महिन्यांनंतरची गोष्ट. भालकीजवळच्या आमच्या सामाईक जमिनीच्या वारस-नोंदीसाठी तहसील कचेरीत सर्व हिस्सेदारांनी एका ठरावीक तारखेस हजर राहावयाचे होते. नोटीस काकांच्या हाती आली. त्यांनी तिचे छायाचित्र काढून, पत्रास जोडून लिस्टवर धाडले आणि आम्हाला दूरध्वनी केला, “पत्र टाकलं आहे. मला दिसत नाही. गेलं का बघ.” आम्ही प्रवासात होतो. मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, “काका, ते तुम्हाला दिसणारच नाही. मागे सांगितलं ना? दिसत नाही, पण जातं.”

ते गेले नव्हते. छायाचित्रामुळे पत्राचा आकार ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर गेला होता, म्हणून लिस्टच्या संगणकाने ते व्यवस्थापकाच्या मंजुरीसाठी थोपवून धरले. व्यवस्थापक म्हणजे आम्ही! अशा मर्यादा सर्वत्र असतात. मेलमनच्या मूळ मांडणीत तर ती अवघी ४० किलोबाइट असते, आणि आजच्या भ्रमणध्वनीवरील एकेक छायाचित्र तिच्या कितीतरी पट. पत्र थांबविल्याची सूचना काकांना गेली होती. ती इंग्रजीत होती, यांत्रिक होती, आणि त्यांनी ती जाहिरात समजून पुसून टाकली. मंजुरीची रांग आम्ही ११ दिवस उघडलीच नाही. तारखेस कचेरीत काका एकटे बसून होते, सकाळी दहापासून. उदगीरहून कोणी नाही, कलबुर्गीहून कोणी नाही. पुढची तारीख अडीच महिन्यांनी मिळाली, आणि त्या अवधीत हिस्सेदारांपैकी आमच्या थोरल्या आत्या वारल्या. त्यामुळे वारसांचे कागद नव्याने करावे लागले.

काका या वेळी रागावले नाहीत. ते अधिकच लागले.

विचार केला तर दोष कोणत्या एका यंत्राचा नाही. पत्र पोहोचले असेल आणि पत्र अडकले असेल, या दोन अगदी भिन्न अवस्था पाठविणाऱ्याला पडद्यावर सारख्याच दिसतात, हे दुखणे आहे. दोन्ही वेळा त्याच्या इनबॉक्समध्ये काहीच नसते. ‘काही न येणे’ हा शब्द एकच, अर्थ दोन. जुन्या मंडळींना हे ठाऊक होते असे दिसते. १९७५ साली अमेरिकेतील अर्पानेटवर ई-मेलविषयीच चर्चा करण्यासाठी एक यादी निघाली होती. यादीचा प्रकार तेव्हापासूनचा. १९८६ साली पॅरिसमधील एरिक थोमास या विद्यार्थ्याने ‘लिस्टसर्व्ह’ नावाची यादी चालविणारी प्रणाली लिहिली. तिच्यात स्वतःच्या पत्राची प्रत परत हवी की नुसती पोच हवी, हे सभासदाने ठरवावे अशी सोय आहे. मेलमनमध्येही तशाच दोन कळा आहेत. आपले पत्र आपल्याला परत यावे ही कळ मुळातच चालू असते, आणि ‘तुमचे पत्र मिळाले’ अशी पोच धाडण्याची कळ मुळात बंद असते. लिस्ट बिचारी प्रत पाठवितेच. ती दाराशी अडते ही निराळी गोष्ट. परंतु पोच हे नवे पत्र असते, तिचा क्रमांक निराळा, त्यामुळे तिला कोणी दुसरी प्रत म्हणून बाजूस सारत नाही. हे आम्हाला आधी ठाऊक असते तर अडीच महिने वाचले असते.

याच ओघात एप्रिल २०१४ मधील एक प्रकरण सांगण्यासारखे आहे. तोतयांनी याहूचे पत्ते वापरून खोटी पत्रे धाडण्याचा सपाटा लावला होता. उपाय म्हणून याहूने ‘डीमार्क’ या पद्धतीनुसार जाहीर केले की आमच्या पत्त्याचे पत्र आमची खूण पटल्याखेरीज आले तर ते नाकारावे. त्याच महिन्यात एओएलनेही तेच केले. हेतू चांगला, परंतु लिस्टवरून फिरून जाणारे पत्र मूळ लेखकाच्या नावाने, दुसऱ्याच संगणकावरून निघालेले असते, आणि तळाशी दोन ओळी जोडल्याने जुनी खूणही मोडते. परिणामी याहूवाल्या सभासदाने यादीवर पत्र टाकले की ते इतरांच्या दारातून परत फिरू लागले. आणि गंमत पाहा, पत्रे वारंवार परत येतात म्हणून कित्येक लिस्टनी त्या निरपराध इतरांचेच सभासदत्व स्थगित केले! एकाने बोलावे आणि दुसऱ्याचे कान बंद व्हावेत, असा तो प्रकार. तेव्हापासून पुष्कळ याद्या ‘अमुक यांचे, तमुक यादीमार्फत’ अशा थाटाने प्रेषकाचे नाव बदलून धाडतात. आपली प्रत परत दिसत नसेल, तर आपले नाव पुढे कसे छापले गेले हेही आपल्याला कळत नाही.

याहूच्याच ‘ग्रुप्स’वर अनेक मराठी कुटुंबांनी व मंडळांनी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केला होता. ती सेवा १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. त्याआधीच तेथील जुना साठा काढून टाकण्यात आला होता. ज्यांनी आपल्या प्रती आपल्या पेटीत राखल्या त्यांच्याकडेच तो मजकूर उरला. स्थळप्रतींच्या गठ्ठ्यांना हसणाऱ्या आमच्यासारख्यांना हा एक चपराकच म्हटली पाहिजे.

आमच्या लिस्टवर आम्ही आता काही फेरफार केले आहेत. पोच देण्याची कळ सर्वांसाठी चालू केली आणि तिचा मजकूर मराठीत लिहिला: ‘आपले पत्र मिळाले व सर्वांस रवाना झाले.’ थोपविलेल्या पत्राची सूचनाही मराठीत केली, आणि मंजुरीची रांग रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी उघडावयाची असा नेम केला. छायाचित्रांसाठी मर्यादा वाढविली. आपले पत्र गेले की नाही याची शंका आली तर इनबॉक्सवर विसंबू नये, लिस्टचे दप्तर उघडून पाहावे. सर्वांस गेलेले पत्र तेथे जसे गेले तसे नोंदलेले असते. हे एवढे साधे सांगणे आम्ही दोन पानांत लिहून सर्वांना पाठविले. उत्तर आले सात घरांकडून. पूर्वीच्या मानाने ही प्रगतीच.

टपालखात्यानेही २०२५ साली रजिस्टर टपालाची जुनी स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. बातमी वाचून काकांनी आपल्या पेटीतील जुन्या पोचा एकदा मोजून घेतल्या, असे काकू सांगत होत्या.

स्वतः काकांनी मात्र यादीच्या यांत्रिक पोचेवर विश्वास टाकलेला नाही. “ती त्या यंत्राची सही. माणसाची कुठे?” असे ते म्हणतात. त्यांनी नातवाकडून काकूंच्या नावे एक निराळी ई-मेल पेटी उघडून घेतली आणि तो पत्ता लिस्टमध्ये घालावयास लावला. काकूंच्या पेटीत त्यांच्या पत्राची स्थळप्रत नसते, म्हणून लिस्टवरून निघालेले पत्र तेथे सरळ येते, विषयाआधीच्या कंसासह, तळाच्या दोन ओळींसह, जसे उदगीरला आणि हैदराबादला दिसते अगदी तसे. आठवणींचा चौथा भाग त्यांनी परवा पाठविला. आम्ही तेव्हा भालकीतच होतो. काका माळवदावर संगणकापुढे, काकू खाली ओसरीवर भाजी निवडीत, भ्रमणध्वनी सुपाच्या कडेला ठेवलेला. वरून कळ दाबल्याचा आवाजही आला नव्हता. पाच-सहा मिनिटे गेली असतील. मग काकूंनी चष्मा वर करून पाहिले आणि जिन्याच्या दिशेने हाक दिली, “आलं हो तुमचं! मी वाचते आहे, थांबा.”